धूरवाले सर

आमच्या घरमालकांकडे, म्हणजे सरांकडे, पाहुणा आला की आधी त्याच्या गाडीची विचारपूस व्हायची, मग त्याची. पाहुणा चपला काढून पडवीत टेकेपर्यंत सर मागच्या बाजूने गाडीपाशी पोचलेले असत. हातात पांढरा रुमाल. "जरा चालू कर रे," असं ड्रायव्हरला सांगायचं, रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा, वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि मग तो उजेडात धरून रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसा वाचायचा. पुढे तो रुमाल अंगणातल्या दोरीवर जाई. चिमट्यात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर गाडीचा नंबर. मी खोली बघायला गेले त्या दिवशी दोरीवर अकरा रुमाल होते. मला वाटलं, या घरात कोणाला तरी भयंकर सर्दी झालीय.

मी मूळची तळा गावची. नवरा मांडव्याला जेटीवर नोकरीला, पंधरवड्यातून एकदा घरी. मी सेकंडहँड डिझेल गाडी घेऊन म्हसळ्यात शाळेच्या मुलींची ने-आण सुरू केली होती, म्हणून तिथेच खोली शोधत होते. आधीच्या दोन घरमालकांनी मला विचारलं होतं की बाईमाणूस गाडी कशाला चालवतेस. मी म्हटलं होतं, "पायांनी. ब्रेक पायांनीच दाबतात." दोन्ही खोल्या गेल्या. सरांनी तसलं काही विचारलं नाही.

"गाडी कितव्या सालची? बीएस सिक्स ना? सायलेन्सर मूळचाच आहे की बदललाय?"

"सर, मी खोली बघायला आलेय."

"खोली कुठं पळत नाय. गाडी दाखव."

सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. मोटार मेकॅनिकचा कोर्स तीस वर्षं शिकवला. स्वतःकडे मात्र एक सायकल, तीही घंटी नसलेली. गावात त्यांना तोंडावर सर आणि पाठीमागे 'धूरवाले सर' म्हणायचे, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा पोस्टमन चुकून तोंडावरच म्हणाला तर सर म्हणाले, "अरे, धूर करणारे नाय, धूर बघणारे," आणि त्याच्या स्कूटीला रुमाल लावायला उठले.

दुपारचा चहा ते पडवीतल्या बाकावर घेत. डोळे मिटलेले, नाक उघडं. रस्त्याने गाडी गेली की निदान. "ही तेल पितेय, निळा सोडत असणार." "ह्याचा एअर फिल्टर तुंबलाय, काळा येतोय बघ." मी मान वर करून बघायची, आणि खरंच काळा असायचा! काकी, म्हणजे सरांची बायको, आतून ओरडायच्या, "आमटीत मीठ पडलं नाय तर ह्यांना कळत नाय. पण पलीकडच्या टेम्पोचं डिझेल कच्चं जळतंय, ते बरोबर कळतं." सर त्यावर मान डोलवायचे. त्यांना ती तारीफच वाटायची.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट काकींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. पनवेलहून मुलाकडची मंडळी पांढऱ्याशुभ्र गाडीतून आली. गावच्या बुद्धविहारातले दोघे-तिघे ज्येष्ठ बसलेले, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन दाराशी उभी, आणि मुलीचा बाप गायब. शोधलं तर बाप नव्या शर्टासकट गोणपाटावर उताणा, पाहुण्यांच्या गाडीखाली. बाहेर आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"तुमची जाळी कुठाय?"

"कसली जाळी?" मुलाचे मामा म्हणाले.

"सायलेन्सरच्या आधी डबा असतो, त्यातली. कोणी तरी आतून फोडून टाकलीय. रुमाल पांढरा राहिला, पण वासाने डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

मग पोहे बाजूला आणि सरांचा वर्ग सुरू. हे स्थळ मुलाच्या आत्याने आणलं होतं. सर तिच्याकडेच वळले. "ताई, तुम्ही काय केलंत? इकडचं घर तिकडच्या घराला जोडून दिलंत. ती जाळी तेच करते. इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाय. अर्धवट जळलेला विषारी वायू बाहेर पडतो, त्याला प्राणवायू हवा असतो. दुसरा एक वायू असतो, त्याला उष्णतेने प्राणवायू नको तितका चिकटलेला असतो. जाळी ह्याच्याकडचा काढून त्याला देते. दोघंही शहाणे होऊन बाहेर पडतात, आणि जाळी स्वतः जशीच्या तशी. एक पैसा घेत नाय, एक कण झिजत नाय. आणि तिलाच तुम्ही घराबाहेर काढलंत?"

आत्या खूश झाली. मामा मात्र भडकले, उठू लागले. तेवढ्यात मुलगा हसायला लागला. म्हणाला, "काका, सेकंडहँड घेतलीय, मला माहीतच नव्हतं. बसवून घेतो." साखरपुड्याला नवी जाळी बसवूनच आला आणि सासऱ्यांना आधी गाडीकडे घेऊन गेला. आज सरांचा सगळ्यात लाडका माणूस तोच. मुलगी मला म्हणाली होती, "ताई, बाकी काही विचारायचं राहिलंच नाही. माझ्या बाबांवर न चिडणारा माणूस मिळाला, अजून काय पाहिजे?"

आणि मग त्यांची रविवारची फेरी. हे मला सगळ्यात मोठं खूळ वाटायचं. सरांचं म्हणणं असं, की नव्या डिझेल गाड्यांच्या पोटाखाली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच त्याला तापवून आतली काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी बराच वेळ एका लयीत पळायला लागते. "आणि आमच्या इथे काय? घर ते बाजार, बाजार ते घर. गाडीला कधी घाम फुटतच नाय. मग काजळी बसते तशीच." म्हणून दर रविवारी पहाटे गावातली एक गाडी धरायची, मालकाला शेजारी बसवायचं आणि हायवेवर नेऊन आणायची. डिझेल मालकाचं, डबा काकींचा. मी आपली हसायची. निवृत्त माणसाला रविवार घालवायचा असतो, एवढंच मला कळत होतं.

थंडीत माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. चौकोन आणि त्यात ठिपके. मी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवला.

"ताई, सेन्सरची नाटकं हायत. काय टेन्शन नका घेऊ. वर काय तरी चिकटवून टाका. सगळे तेच करतात."

खोटं नव्हतं. मी पाहिलं होतं, कुणी देवाचा स्टिकर लावला होता, कुणी फळावरचा. मी कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर लावली. मरून रंगाची, मोठी. बरोब्बर बसली. मुली म्हणाल्या, "ताई, गाडीला पण टिकली?" मी म्हटलं, "का, तिने काय पाप केलंय?"

दीड महिना सुखात गेला. मग तो शनिवार आला.

खाडीकडच्या वाड्यांमधून सात मुली घ्यायच्या आणि घाट चढून म्हसळ्यात शाळेत सोडायच्या, हे माझं काम. त्या दिवशी गाडीला ओढच राहिली नव्हती. पहिला गिअर, पाय पार खाली दाबलेला, आणि गाडी रांगतेय. सगळ्यात उभ्या चढाच्या वळणावर ती थांबलीच. नुसती थांबली नाही, इंचभर मागे आली. हँडब्रेक ओढून मी ओरडले, "उतरा! सगळ्या उतरा आधी!" मुलींनी उतरून चाकांमागे दगड लावले. मग मी रिकामी गाडी कशीबशी वर नेली आणि त्या दप्तरं घेऊन मागून चालत आल्या. त्यांच्यातल्या एकीचे आजोबा तेवढ्यात मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून येत होते. त्यांनी सगळं बघितलं.

ही मुलगी नववीतली. तिला आठवीनंतर घरी बसवणार होते. गाडी बाई चालवते, दारातून नेते, दारात आणते, एवढ्याच बोलीवर आजोबा तयार झाले होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"बाय, तुजी चूक न्हाय. पन परत असं झालं तर पोर घरात. माजं डोकं फिरवू नको."

"सोमवारी बघा तुम्ही, काका," मी म्हटलं. बघणार काय, मलाच माहीत नव्हतं. गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या धा वाजता आणा. फिल्टर कापून आतलं सगळं काढून टाकतो, वरून पत्रा मारतो. घोड्यासारखी पळंल." मी हो म्हणून टाकलं.

सर अंगणातून ऐकत होते. ते येऊन गाडीत बसले, चावी फिरवली आणि नखाने माझी टिकली खरवडून काढली. खाली तो पिवळा दिवा.

"सर, आज मला शिकवू नका," मी म्हटलं. मला फार राग आला होता. त्यांचा, गाडीचा, माझा स्वतःचा. "तुम्हाला धुराची पडलीय. मला त्या पोरीची पडलीय. ती घरी बसली तर तुमची जाळी आणि फिल्टर काय चुलीत घालायचे?"

काकी दारात आल्या. सरांनी बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढून बघितली, वास घेतला. डिझेल किती आहे ते बघितलं.

"पिवळाच आहे अजून. लाल झाला असता तर माझ्या हातात काय नव्हतं. पहाटे पाचला निघू. दहाला तुझ्या गॅरेजवाल्याकडे मी स्वतः येतो. तोवर विझला नाय तर खुशाल काप. मी पाना धरून देतो."

त्या पाना धरण्यामुळे मी तयार झाले. हा माणूस खोटं बोलणार नाही, एवढं मला पटलं होतं.

पाचला निघालो. घाटात गाडी कुथत होती, पण रिकामी होती म्हणून निभावली. माणगाव जागं व्हायच्या आत ओलांडलं. रविवारी तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग लागली की फेरीचं वाटोळं, म्हणून सरांची ती पाचची वेळ. हायवेला लागल्यावर ते सरसावून बसले. "चौथ्यात ठेव. पाचवा टाकू नको. फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या वर राहू दे. आणि काही झालं तरी थांबायचं नाय."

लोणेऱ्याच्या अलीकडे त्यांचा सख्खा मेहुणा रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभा. गाडीत सर दिसल्यावर हात वर करून हसत पुढे आला. सरांनी काच खाली केली आणि ओरडले, "येताना! येताना घेतो!" मी आरशात बघितलं. मेहुणा हात वर करून तसाच उभा होता.

गाडीखालून गरम वास यायला लागला. मी दचकले. "घाबरू नको. पोटात शेगडी पेटलीय तिच्या," सर म्हणाले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दिवा पिवळाच. महाड आलं. आम्ही वळलो. माझा धीर सुटला.

"नाही विझत, सर."

सर समोर बघतच म्हणाले, "हे कापायला इथल्या पोरांना कोणी शिकवलं, माहीत आहे? मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. "रस्त्याकडे बघ," ते म्हणाले.

"जाळीच्या गाड्या पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा पेट्रोलात रॉकेलची भेसळ असायची. जाळ्या चोंदायच्या, गाड्या ओढायच्या नाहीत. पोरं विचारायची, सर, काय करायचं? पुस्तकात काय नव्हतं. आणि मला ठाऊक नाय, असं म्हणायची लाज वाटली. मी छिन्नी घेतली, वर्गासमोर जाळी फोडली. गाडी पळाली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग दर वर्षी शिकवत गेलो. ती जाळी कशासाठी असते ते मी फार उशिरा वाचलं. तोवर माझी पोरं मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत गॅरेजं टाकून बसली होती." त्यांनी घसा खाकरला. "आता रस्त्याने कुठली गाडी वास मारत गेली की वाटतं, हा माझाच विद्यार्थी गेला."

आदल्या संध्याकाळी मी ह्या माणसाला काय काय बोलले होते, ते आठवून कानशिलं गरम झाली. मी नुसती काटा बघत गाडी चालवत राहिले. लोणेरं जवळ आलं तेव्हा सर एकदम म्हणाले, "बघ."

दिवा गेला होता. मी किंचाळलेच. पायाखाली गाडी अशी हलकी झाली की मला कळेना, हीच का ती? सरांनी पिशवीतून काकींचा डबा काढला, त्यातलं एक घावन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता थांब. मेहुण्याला घेऊ." मेहुणा गाडीत बसला तो म्हसळा येईपर्यंत सरांशी एक शब्द बोलला नाही.

मला वाटलं, आता घरी. पण सर म्हणाले, "दहाला येतो म्हणून सांगितलंय ना? चल."

गॅरेजवाला कटर लावून तयार होता. दोन गिऱ्हाइकं खुर्च्यांवर, एक जण चहा पीत उभा. सरांना बघून तो लगबगीने पुढे आला, हात पुसून पाया पडला.

"गाडी कापायची नाय," सर म्हणाले. "हिचीच नाय, कोणाचीच कापू नको."

तो ओशाळून हसला. "काय सर, तुमीच शिकवलंत ना आमाला. पयल्या वर्षाला. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

"व्हय. मी चुकीचं शिकवलं."

चहा पिणारा वळून बघू लागला. सर त्याच आवाजात पुढे म्हणाले, "तेव्हा पंचवीस जणांसमोर शिकवलं होतं. आता ह्या तिघा-चौघांसमोर सांगतो. मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्यासारखं बोललो. चूक माझी, तुझी नाय."

गॅरेजवाल्याने कटरची वायर सॉकेटमधून काढली आणि हातावर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी गुंडाळत होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मास्तर पाहिले. आपलं चुकलं असं विद्यार्थ्याच्या दुकानात जाऊन सांगणारा हा एकच.

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू, सर?"

"रविवारी माझ्याकडे पाठव. लाल दिवा असेल तर मशीनवर साफ करून घ्यायला सांग. काप म्हणाला तर नाय म्हण."

"आनि उद्या ताईंची घाटात थांबली तर?"

सर वाकून माझ्या गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत राहिले.

सोमवारी खाडीकडच्या शेवटच्या वाडीत आजोबा नातीला सोडायला स्वतः आले. तिला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, पुन्हा उघडून पुन्हा लावलं. "आज बगतो," एवढंच म्हणाले. सात मुली आणि एकही बोलेना. घाट लागला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत होती, पण ते वळण अजून यायचं होतं. वळण आलं, आणि कडेला सर उभे! दोन्ही हातांत लाकडाचा एकेक ठोकळा, चाकामागे लावायला. घरापासून तासाभराची वाट चालून आले होते. आपण येऊ, असं कोणालाच म्हणाले नव्हते.

मला थांबावंसं फार वाटलं. चढावर थांबायचं नसतं. मी पाय दाबला. गाडी त्यांच्यासमोरून वळली आणि वर गेली, धाप न लागता. मग मुलींना कंठ फुटला. कोणी टाळ्या वाजवतेय, कोणी ओरडतेय. ती नववीतली मागच्या काचेला नाक लावून सरांना हात करत होती. यंदा ती बारावीला आहे.

शाळेत मुलींना सोडलं आणि तशीच उलट फिरले. सर कठड्यावर बसले होते. मी गाडी बाजूला लावली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"मागून बघितलीत ना? काय दिसलं?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"अगो, काय नाय. धूर नाय, वास नाय, काय म्हणता काय नाय." ते हसत होते आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. "पोरींचा आवाज तेवढा आला."